कापूस आणि अर्धा पाव

जिनिव्हा

आई, तुला सलाम, आणि आपल्या अंगणात आत्ता जे कोणी बसलं असेल त्या सगळ्यांना.

मी बरा आहे. थंडी आहे, पण मामाने विणलेली चादर कोटाच्या आत गुंडाळतो. लोक बघतात, बघू देत.

तुझं म्हणणं मी इथे जागतिक व्यापाराच्या सभेत आपल्या देशातर्फे मांडलं. श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्यांना सरकारी पैसा देतात, म्हणून त्यांचा कापूस स्वस्त पडतो आणि मालीतल्या आपल्या कापसाला भाव येत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग खरी बोलणी करायला मोजके देश एका खोलीत गेले आणि दार लागलं. आपल्याला बोलावणं नव्हतं.

मी बाहेर बाकावर बसून पाव काढला. इथे जो तो आपापलं ताट घेऊन एकटा जेवतो. आपल्या घरासारखं एका परातीत हात घालायला कुणी नाही गं. तेवढ्यात त्या खोलीतून मोठ्या देशाचा एक साहेब दमून बाहेर आला आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "या, जेवायला."

तो खरंच बसला! अर्धा पाव खाल्ला. "फार भूक लागली होती हो," म्हणाला.

मी विचारलं, "आमच्या कापसाचं काय झालं?"

"पुढच्या वर्षी बघू," म्हणून त्याने हात पुसले आणि आत गेला.

वेचणी उरकली का? तुझी कंबर कशी आहे?

बाबांना एवढंच सांग, की झुमाना मोठ्या साहेबाबरोबर एका पावात जेवला. ते खोटं नाही. खूश होऊन ते विचारतील, "मग त्याने पोराला आत नेलं असेल ना?"

तेव्हा तू त्यांना जेवायला वाढ.

तुझा,
झुमाना