पहिल्या सेल्फला

सोम., ३ नोव्हें.
आज परत तेच. पहाटे टेम्पोचा सेल्फ मारला तर इंजिन नुसतं कण्हत फिरत राहिलं. थांबलो. परत मारला. मग एकदाचं पेटलं, पण थरथरत, पांढरा धूर ओकत, सगळी केबिन हलवत. जरा वेळानं आपोआप शहाणं झालं. त्यानंतर दिवसभर कुठंही बंद करा, चावी फिरवली की चालू. दुखणं फक्त सकाळचं.

खुलताबादला पोचायला उशीर झाला. कचरूतात्यांची अद्रक लिलावाच्या आत मार्केटला आणायची असते. तात्या बांधावर उभेच होते. "आलं का इमान? आमाला वाटलं दौलताबादलाच उतरलं." अद्रक धुणाऱ्या बाया हसल्या. मीही हसलो.

संध्याकाळी पुण्याहून गणेशचा फोन. "आबा, विका आता ती गाडी. वाळूजचा एक जण घ्यायला तयार आहे. आई गेल्यापासून एकटे काय करता तिथं? इकडं या." नेहमीचंच. पण आज मी चिडलो. म्हणालो, महिनाअखेरपर्यंत गाडी नीट झाली तर मी इथंच राहणार. नाही झाली तर विकतो आणि येतो. पोरगं लगेच म्हणालं, "शब्द?"
म्हणालो, शब्द.
फोन ठेवल्यावर वाटलं, हे काय बोलून बसलो. माणसानं कुठं राहावं हे इंजिनावर कशाला टाकायचं.

बुध., ५ नोव्हें.
दुपारी बायपासला शकीलभाईच्या गॅरेजवर. गाडी घेतली तेव्हापासून तिला दुसऱ्या मेकॅनिकचा हात नाही. त्यानं सेल्फ मारला, पहिल्याच झटक्याला चालू. "इसकू क्या हुआ? तुमारेसे अच्छी तबियत है इसकी."
म्हणालो, सकाळी बघा. म्हणाला, ठेवून जा रातभर.

घरी आलो. गारखेड्याच्या गल्लीत गाडीची जागा रिकामी. खिडकीतून उगीच दोनदा बघितलं.

गुरु., ६ नोव्हें.
उजाडायच्या आत रिक्षानं गॅरेजवर गेलो. श.भाई शटर उघडून वाटच बघत होता. रात्रभर गाडीला कुणी हात लावला नव्हता. मी मारुतीचं नाव घेतलं, चावी फिरवली.
पहिल्या सेल्फला चालू.
श.भाई कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मायके में चुप, ससुराल में झगडा. अंबादासभाऊ, घर में क्या करते तुम इसकू?"
हसण्यावारी नेलं. पण त्याचा हिशोब सरळ होता. डिझेलच्या लाइनीत रात्री हवा शिरत असती तर इथंही शिरली असती. मग लाइन सोडा, बॅटरी आणि वायरी बघू. मलाही पटलं.

शनि., ८ नोव्हें.
घरापाशी परत तोच तमाशा. श.भाईनं स्कॅनरवाल्या तुषाररावांना पाठवलं. शांत माणूस. डॅशबोर्डखाली वायर जोडली, हातातल्या पाटीवर बघत बसले. "काका, बिघाडाचा एकही कोड नाही. तिच्या लेखी ती ठणठणीत आहे."
म्हणालो, दुखत असून सांगत नसेल तर?
"मग माझा इलाज नाही. ती सांगते तेवढंच मला वाचता येतं." खोटं काही बोलले नाहीत. चांगला माणूस.

आमची कांताही जायच्या आधी शेवटच्या वर्षी कुणी विचारलं की 'बरीय' म्हणायची. मीसुद्धा ते ऐकून गाडीवर जायचो.

गल्लीतल्या मारुतीला तेल वाहिलं.

मंगळ., ११ नोव्हें.
श.भाई म्हणाला होता, दुखणं घरी असेल तर वैद्यानं घरी यायला पाहिजे. आज फजरची नमाज करून स्कूटरवर आला. कानटोपी, मफलर. चहा टाकला. दुसरा कप कपाटात मागं होता, धुवावा लागला.

सेल्फ मारताना तो बोनेटपाशी डोळे मिटून उभा. मी काही बोलायला लागलो तर हातानंच गप्प केलं. "सुनने दो."
गाडी कण्हली, थरथरली, चालू झाली.
"हौ," म्हणाला. "झूट नै बोल रहे थे तुम." इतक्या दिवसांत कुणीतरी डोळ्यांनी बघितलं याचंच मला बरं वाटलं. अर्थिंगची वायर सोडवून घासली, परत बसवली. बघू.

गुरु., १३ नोव्हें.
अर्थिंगनं फरक नाही. आज त्यानं स्वतःची बॅटरी आणून जोडली. सेल्फ जोरात फिरला, पण रडणं तेच. उद्या इंजिन तापवणारा हीटर बघणार.

तपासून झाल्यावर जात नाही लगेच. पायरीवर बसतो, टोस चहात बुडवून खातो. आज त्याच्या गुडघ्यांचं बोललो, मग त्याच्या सुनेचं. ती म्हणे त्याला मोबाइलवर नकाशा बघायला शिकवते. "इसी शहर में पैदा हुआ मैं, और वो नक्शेवाली बाई मेरेकू बोलती, अब दाएँ मुडो." कितीतरी दिवसांनी सकाळच्या वेळी या घरात हसण्याचा आवाज झाला.

शुक्र., १४ नोव्हें.
हीटरही चांगला निघाला. तात्यांकडं आज इतका उशीर झाला की निम्मा माल दुसऱ्या गाडीत भरून गेला होता. तात्या ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "अंबादास, म्या किती दिस थांबू? मलाबी अडचण व्हती." ओरडले असते तर बरं झालं असतं.

महिना अर्धा गेला. सेल्फ मारताना तोंडात नाव असतं. आज मनात आलं, हे नाव मी देवासाठी घेतोय का गाडीसाठी. सकाळपासून त्यावरच अडलोय.

शनि., १५ नोव्हें.
सापडलं बहुतेक. लिहून ठेवतो.

सकाळी मारुतीला गेलो तर पुजारीबुवा ओटा धूत होते. बादली ओतली. पाणी ओट्यावरून खाली आलं, गल्लीतून वळवळत थेट माझ्या गाडीपर्यंत गेलं, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत. मी पाण्याकडं बघत उभा. बुवा म्हणाले, "काय हरवलं का?"

गल्लीला उतार आहे. रोज चालतो मी तिथून, कधी ध्यानात आलं नाही. देऊळ वरच्या अंगाला. गाडी घेतली तेव्हा कांतानं सांगितलं होतं, रात्रभर गाडीनं देवाकडं बघावं. तेव्हापासून घरी आलो की तोंड मारुतीकडं करूनच लावतो. म्हणजे तोंड चढाला, शेपूट उताराला. गॅरेजची जागा सपाट.

श.भाईला फोन केला. उताराचं सांगितलं. त्यानं विचारलं, "रात कू टाकी में डिझेल कितना रहता?"
म्हणालो, तळाशी. गल्लीत चोरतात म्हणून भरून ठेवतच नाही.
"या अल्ला," म्हणाला, आणि हसत सुटला.
त्याचं म्हणणं असं. लाइनीतलं डिझेल मागं येऊ न देणारा व्हॉल्व्ह थोडासा कमजोर झालाय. सपाटीवर तो निभावून नेतो. चढावर मात्र इंजिन वर, टाकी खाली, आणि तीही रिकामी. रात्रभर डिझेल थेंबथेंब मागं जातं आणि सकाळी इंजिनाच्या तोंडी हवा. त्याचा कोड कुठून येणार?
पण आधी खात्री करायची. गाडी उलटी लावा म्हणाला.

रवि., १६ नोव्हें.
काल गाडी उलटी लावायला गेलो आणि स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. देवाकडं पाठ. बुवांना विचारलं तर म्हणाले, "अहो, मारुतीनं द्रोणागिरी उचलून आणला, त्याला तुमच्या गाडीची शेपूट बघून राग येणारय का?" लावली. तरी उतरताना मारुतीकडं बघून हात जोडले. कांताकडं कुठं बघून जोडायचे ते कळलं नाही.

आज श.भाई आला. पहिल्या सेल्फला चालू. धूर नाही, थरथर नाही. त्यानं माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चहा सांडला.

बुध., १९ नोव्हें.
व्हॉल्व्ह बदलला. वॉशर नवीन. एक होसपाइपही चिरलेला निघाला, तोही बदलला. आता तोंड परत चढाला लावून बघायचं, टाकी तशीच तळाशी ठेवून. "इम्तिहान कठीण लेंगे," श.भाई म्हणाला.

शनि., २२ नोव्हें.
तिन्ही दिवस पास. गाडी देवाकडं बघतेय आणि सकाळी एका झटक्यात चालू. आज तात्यांच्या आधी मी शेतात. तात्या लांबूनच, "आरं बापरे, इमान तर मुक्कामालाच व्हतं का काय?" पुढच्या आठवड्यापासून सगळा माल परत माझ्याकडं.

श.भाई आजही आला होता. कान देऊन ऐकलं, बोनेटवर हात फिरवला. चहा झाला. निघताना म्हणाला, "अब मेरी जरूरत नै."
म्हणालो, हौ. दुसरं काय म्हणणार. त्याचं गॅरेज आहे, गुडघे आहेत, सकाळची थंडी.

सोम., २४ नोव्हें.
चालू झाली.

मंगळ., २५ नोव्हें.
चालू झाली. चहा टाकताना दोन कप पाणी ठेवलं. ओतून दिलं नाही, दोन्ही मीच प्यालो.

गुरु., २७ नोव्हें.
पहाटे केबिनमध्ये बसलो आणि चावी लगेच फिरवली नाही. गल्ली अंधारी, मारुतीपुढं दिवा. इतके दिवस हा क्षण धास्तीचा होता. चालू होईल का नाही, कुणाला फोन करायचा, कोण काय म्हणेल. आता धास्ती गेली. तिच्या जागी काय आलं ते बघत होतो. काही आलेलं नाही. मग फिरवली.

श.भाईच्या गॅरेजवरून गेलो. तो एका ट्रकखाली होता, पाय तेवढे दिसले. हॉर्न दिला. खालून हात हलला.

रवि., ३० नोव्हें.
आज माल नव्हता तरी पहाटे उठून गाडी चालू केली. थोडा वेळ तशीच ठेवली, मग बंद केली. कशासाठी, सांगता येत नाही.

ठरल्याप्रमाणे गणेशचा फोन. "आबा, महिना संपला. होतेय का चालू?"
म्हणालो, होतेय. पहिल्या सेल्फला.
मागं नात काहीतरी मागत होती, सून तिला हळू बोल म्हणत होती. मला वाटलं होतं हे सांगताना मला आनंद होईल. जिंकलो होतो मी.
"बरं झालं," गणेश म्हणाला. मनापासून म्हणाला, तेच जड गेलं. "मग वाळूजवाल्याला नाही म्हणून सांगतो."
म्हणालो, सांग.
तो फोन ठेवणार तेवढ्यात मीच म्हणालो, गणेश, दोन दिवस थांब म्हणावं त्याला.
"का? चालू होतेय ना गाडी?"
म्हणालो, होतेय रे. तरी थांब.