हरकत तीन प्रतींत

१ फेब्रुवारी १९८७, रविवार. सकाळी ९

आजपासून रोजनिशी. वर्षाचा एक महिना उलटला हे मान्य. पण डायरी ट्रंकेत होती आणि ट्रंकेवर वनमालाने गाद्या रचल्या होत्या. बायकोला दोष देत नाही, नुसती नोंद करतो.

डायरी फर्स्ट क्लास. रेक्झिनचं कव्हर, वर सोनेरी अक्षरांत 'निर्मलदीप केमिकल्स, मरोळ'. आमच्या गल्लीच्या टोकाला यांचं धुराडं आहे. दरवर्षी सोसायटीत घरटी एक डायरी वाटतात. धुराचं काय ते असो, कागद चांगला वापरतात.

संकल्प: १) रोज लिहिणे. २) पहाटे पाचला उठणे. ३) लोकांची कामं करणे.

त्याच दिवशी, दुपारी १२

तिसरा संकल्प लगेच फळला. समोरच्या गावठाणातली ल्युसी चर्चमधली मिसा आटपून थेट आमच्याकडे आली. हातात पेपरचं कात्रण. सरकारच्या हवा मंडळाने जाहीर सूचना काढली आहे. सध्या कारखान्याला दर महिन्याला धुराचा तक्ता भरून द्यावा लागतो आणि त्याची एक प्रत गेटवर लावावी लागते. आता म्हणे कागदपत्रांचा बोजा कमी करायचा. तक्ता वर्षातून एकदा, आणि गेटवर काहीच लावायचं नाही. कुणाची हरकत असल्यास ३ मार्चला संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवावी.

ल्युसीची हरकत आहे. तिचा नवरा इग्नेशियस एअरपोर्टवर सुतार होता. रिटायर झाला आणि दम्याने धरला. पहाटे धुराडं सुटलं की त्याचा श्वास अडकतो. ल्युसी चर्चच्या कॅलेंडरवर रोज लिहिते: काळा, पिवळा, वास, इग्नेशियसला दोनदा पंप. अशी दोन वर्षांची कॅलेंडरं आहेत. तिने 'काळा' लिहिलं त्या दिवशी गेटवरच्या तक्त्यात 'समाधानकारक'. तक्ताच लावला नाही तर ताडून बघायचं कशाशी, असं ती म्हणाली. मुद्दा बरोबर आहे.

दोन पानी पत्रही लिहून आणलं होतं. उद्याच पोस्टात टाकते म्हणाली. मी वाचलं आणि थांबवलं. विषय नाही, संदर्भ नाही, 'महोदय' नाही. सुरुवातच 'माझ्या नवऱ्याला श्वास घेता येत नाही' अशी. असलं पत्र सरकारात कोणी हातात धरत नाही, हे तिला समजावलं. बारदान व सुतळी तपासणी कार्यालयात आवक-जावक सांभाळून मला सव्वीस वर्षं झाली. नंबर पडल्याशिवाय एक चिठोरं आत आलं नाही की बाहेर गेलं नाही. म्हटलं, माझ्यावर सोडा. पद्धतशीर करू, तीन प्रतींत.

ती पत्र आणि कॅलेंडरं ठेवून गेली. जाताना दोनदा थँक्यू म्हणाली. वनमाला आतून म्हणाली, की नळाचा वायसरसुद्धा तीन महिने तुमच्यावरच सोडलाय. दुर्लक्ष केलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पाचला उठलो नाही. पण गजर झाला तेव्हा जागा होतो, म्हणजे अर्धा संकल्प पाळला.

मसुद्याचा 'विषय' लिहिला. सात ओळी झाला. इतका परिपूर्ण विषय आमच्या ऑफिसात आजवर कोणी लिहिलेला नाही. आज एवढं पुरे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसात बसल्या बसल्या लक्षात आलं, मी सरकारी नोकर. सरकारच्या सूचनेवर हरकत लिहून द्यायची तर वरिष्ठांची परवानगी नको का? शेजारच्या टेबलावरचा अनंत म्हणाला, की पत्र तिचं, सही तिची, तुझा काय संबंध रे. अनंतला प्रोसीजर कळत नाही, म्हणून तो अजून शेजारच्या टेबलावर आहे.

परवानगीचा अर्ज केला. आवक नंबर मीच टाकला. ४१२.

११ फेब्रुवारी, बुधवार

अर्ज भाऊरावसाहेबांकडून खाली आला. शेरा: 'आवक-जावक शाखेने अभिप्राय द्यावा.' आवक-जावक शाखा म्हणजे मी. स्वतःच्याच अर्जावर घाईघाईने अभिप्राय देणं बरं दिसत नाही. पेंडिंग ट्रेमध्ये ठेवला.

संध्याकाळी गल्लीत ल्युसी भेटली. काम चालू आहे म्हणून सांगितलं. चालूच आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

शाखेचा अभिप्राय अजून नाही. शाखेला कडक शब्दांत स्मरणपत्र पाठवलं. दुपारी मिळालं. सही करून घेतलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ८

पहाटे कसलासा वास आला म्हणून गॅलरीत गेलो. खाली रिक्षा उभी होती आणि ल्युसी इग्नेशियसला धरून आत बसवत होती. माणूस कमरेत वाकला होता. छातीचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत येत होता. तिने वर बघितलं आणि विचारलं, पत्र गेलं का. मी म्हणालो, प्रोसेसमध्ये आहे. त्या गडबडीतही ती बरं म्हणाली.

खाली जायला हवं होतं. अंगात बनियन होता, तोही फाटका.

रात्री: हॉस्पिटलात ऑक्सिजन लावलाय असं कळलं. दिवसभर जेवण गेलं नाही. दोनच भाकऱ्या आणि थोडा भात. फार वाईट वाटतंय. परवानगी गेली खड्ड्यात. उद्यापासून मसुदा.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. महाशिवरात्र

सुट्टी. अख्खा दिवस मसुद्याला ठेवला होता. टेबल लावलं, पेनात शाई भरली, कॅलेंडरं उघडली. ल्युसीचं अक्षर बारीक, पण एक दिवस चुकलेला नाही. नाताळच्या चौकोनातसुद्धा 'काळा'.

मग साबुदाण्याची खिचडी आली. त्यावर रताळ्याच्या फोडी. उपासाचं अन्न पचायला जड असतं हे शास्त्र आहे. जरा आडवा झालो.

पाचला उठलो. संध्याकाळी.

१ मार्च, रविवार

मसुदा पूर्ण! नऊ पानं. वनमालाला वाचून दाखवला. तिने विचारलं की इग्नेशियसला श्वास घेता येत नाही हे यात कुठे आहे. पान सहा, परिच्छेद चौदा: 'श्वसनक्रियेस अंशतः अडथळा संभवतो.' ती म्हणाली, ल्युसीने पहिल्याच ओळीत सांगितलं होतं. बायकांना मसुद्यातलं गांभीर्य कळत नाही.

इग्नेशियस घरी आलाय. खिडकीत बसलेला दिसतो. आमची ती खिडकी मी बंद ठेवतो. धुरासाठी.

३ मार्च, मंगळवार. दुपारी २

शेवटची तारीख, पण काळजी नाही. हवा मंडळ आमच्या ऑफिसपासून चालत वीस मिनिटं. ल्युसीने काल तिन्ही प्रतींवर सह्या केल्या. टायपिंग झालं, टाचण्या लागल्या. चारला निघतो. एक तास हातात.

रात्री ८

नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

चारला निघालो. जिना उतरलो, रस्त्यावर आलो. सवयीने पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यावर नजर गेली. जावक नंबर नाही. पाय थांबले. सव्वीस वर्षांत नंबराशिवाय कागद बाहेर गेला नाही, आणि आज तो माझ्याच हातातून जाणार? परत वर गेलो. जावक रजिस्टर कपाटात, कपाटाची किल्ली शिपाई सहदेवकडे, आणि सहदेव चहाला. बसलो. चार पंचवीसला अनंत म्हणाला, की हा ऑफिसचा कागदच नाही, याला कसला नंबर, पळ. मला पटलं. पटलं होतं, खरंच. पण उठलो नाही. सहदेव पाचला दहा कमी असताना आला. नंबर टाकला. ११०७. मंडळाच्या दारात पोचलो तेव्हा खिडकी बंद. आतला माणूस डबा पिशवीत भरत होता. मी काच वाजवली नाही. मुदतीनंतर आलेला कागद मीसुद्धा घेत नाही.

घरी आलो तर टेबलावर फुग्यांची, म्हणजे त्यांच्या तळलेल्या गोड गोळ्यांची, पिशवी. ल्युसीने पाठवलेली. उद्यापासून त्यांचा उपासकाळ, म्हणून आज गोडाधोडाचं करतात. कामगिरी फत्ते झाल्याबद्दल, असं वनमालाला सांगून गेली.

मी पाच खाल्ले. अजून गरम होते. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खरं आहे.

४ मार्च, बुधवार

सकाळी दार उघडलं तर ल्युसी. कपाळावर काळा ठिपका. मला वाटलं धुराडं इतकं सुटलं की काय. राखेचा बुधवार होता. चर्चमध्ये राख लावून आली होती.

पोच विचारली. ऑफिसात राहिली म्हणालो. तोंडातून कसं गेलं कळलं नाही. गेलं.

५ मार्च, गुरुवार

आज जे केलं ते एकदाच लिहितो. सगळे जेवायला गेले असताना आवकचा शिक्का काढला, तारखेची चाकं ५ वरून ३ वर फिरवली आणि ल्युसीच्या प्रतीवर मारला. ऑफिसचं नाव पुसट उठेल असा हलका दाबला. मग चाकं परत ५ वर.

हे मी तिच्यासाठीच केलं. आजारी घरात मनःशांती महत्त्वाची.

तिने पोच घडी करून मेरीआईच्या तसबिरीमागे ठेवली. इग्नेशियस खुर्चीतून उठला आणि त्याने माझ्याशी हात मिळवला. सुताराचा हात, पण पकड राहिली नाही. दोन वाक्यं बोलायला तीनदा थांबला. म्हणाला की तुमच्यासारखा शिकलेला शेजारी पाहिजे. मी पाणीही न पिता निघालो.

३० मार्च, सोमवार. पाडवा

नवं वर्ष, एकच संकल्प: ल्युसीला खरं सांगायचं. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त. श्रीखंड झालं की जातो.

दुपारी ४: श्रीखंडाने सुस्ती आली. शिवाय सणाच्या दिवशी वाईट बातमी कोण देतं?

६ एप्रिल, सोमवार

पेपरात पान सातवर, खालच्या कोपऱ्यात. 'विहित मुदतीत एकही हरकत प्राप्त झाली नाही. सबब प्रस्तावित बदल मंजूर करण्यात येत आहेत.'

पान सात फाडून खिशात घातलं. वनमालाने विचारलं, कोडं कुठाय. हरवलं म्हणालो. मग आठवलं की गल्लीत तोच पेपर बावीस घरी येतो.

९ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी ७

ल्युसी आली. आत या म्हटलं तर दारातच उभी राहिली.

सकाळी ती एकटी हवा मंडळात गेली होती. पेपरात छापलंय ते चुकीचं, आमची हरकत आलेली आहे, ही बघा पोच, असं तिने खिडकीवरच्या माणसाला ठणकावून सांगितलं. त्याने पोच उजेडात धरली. मग दुसऱ्या माणसाला बोलावलं. दोघांनी मिळून वाचलं: बारदान व सुतळी. तिला विचारलं, की बाई, तुमची तक्रार गोणपाटाची आहे का. मागच्या रांगेतले लोक हसले. तीही हसली म्हणे, काय करणार.

मग त्या माणसाने तिला खुर्ची दिली. पोस्टकार्ड टाकलं असतं तरी चाललं असतं, असं तो म्हणाला. मंडळाचा नियम असा की एक हरकत आली तरी सुनावणी घ्यावीच लागते. फॉरमॅट वगैरे काही नव्हता.

हे सगळं ल्युसीने आवाज न चढवता सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पत्र आणि कॅलेंडरं परत मागितली. मी खालचा ड्रॉवर उघडला. पत्र होतं तसंच होतं, तिने घातलेल्या घडीत. पोच तिने माझ्या हातात दिली. म्हणाली, हा तुमच्या ऑफिसचा कागद.

मी म्हणालो, माझं चुकलं. सव्वीस वर्षांत हे वाक्य मी कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. तोंडातून निघाल्यावर फार छोटं वाटलं. ती गेली. वनमालाने वाढलं आणि ती आत गेली.

१२ एप्रिल, रविवार. सकाळी ९

पहाटे पाचला उठलो. गॅलरीत गेलो. धूर काळा. गेटवरचा तक्ता कालच काढलाय. चार टाचण्या तेवढ्या राहिल्यात.

आज त्यांचा झावळ्यांचा रविवार. गावठाणातली माणसं झावळ्या घेऊन क्रूसापासून चर्चपर्यंत चालत जातात. इग्नेशियस दरवर्षी पुढे असतो. या वर्षी पडवीत खुर्चीवर बसून होता, झावळी मांडीवर. मिरवणूक वळेपर्यंत बघत राहिला.

मी खाली उतरलो. या वेळी सदरा घालून. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ल्युसी त्याच्या शेजारी बसून हवा मंडळाला पोस्टकार्ड लिहीत होती. नियम परत बदला म्हणून. दर आठवड्याला एक टाकणार आहे, सुनावणी घेईपर्यंत. पहिली ओळ मला उभ्या उभ्या दिसली. माझ्या नवऱ्याला श्वास घेता येत नाही. त्याच्यावर विषय नव्हता, संदर्भ नव्हता.

काही मदत करू का, विचारलं. तिने कार्ड उलटून पत्त्याची बाजू वर केली. मग म्हणाली, मंडळाचा पिनकोड सांगा.

मी सांगितला. घरी येऊन तीनदा तपासला. बरोबर होता.