मेस्सिना ते तोरीनो, बारा बाटल्यांसह

प्रिय नुन्झियामावशीस,

तुझ्या मेस्सिनाच्या भाचीचा, आगातीनाचा, मनापासून नमस्कार. उजवा गुडघा आता कसा आहे? गॅलरीतल्या कुंड्या यंदाच्या उन्हात तगल्या का? घरी बाबा बरे आहेत, तुझा भाचा लेत्तेरियो जेवतो तसा जेवतो आहे, म्हणजे तोही बराच असणार. आईची तब्येत उत्तम, भूकही उत्तम. (आईबद्दल तू विचारणार नाहीस, म्हणून न विचारताच लिहिलं.) अक्षर हललेलं दिसेल, त्याचा दोष रेल्वेचा. पाकिटावर पोस्टाचं तिकीट नाही, त्याचा दोष मात्र कुणाचाच नाही. त्याचं कारण शेवटी येईल.

माझ्या पदवीला तू पाठवलेले लाल साखरी बदाम वेळेवर पोचले. आपल्या घरात पदवी मिळालेलं हे पहिलंच माणूस, त्यामुळे बाबांनी होडीवरच्या प्रत्येक कोळ्याला एकेक बदाम हातावर ठेवून खाऊ घातला, प्रसाद दिल्यासारखा. डब्यावर फक्त माझं नाव होतं. ते आईने वाचलं, डबा उलटून खालूनही पाहिला आणि दोन बदाम खाल्ले.

आता मोठी बातमी. तुझ्या तोरीनोतल्या एका शाळेत मला गणित शिकवायची नेमणूक मिळाली आहे! एक सप्टेंबरला सकाळी आठ वाजता स्वतः हजर राहून सही करायची, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. म्हणजे शिकण्यात घातलेली सगळी वर्षं एका बाजूला आणि तेराशे किलोमीटर दुसऱ्या बाजूला. आणि आमच्या स्वयंपाकघरात पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला: रेल्वे, विमान की मोटार?

हे वाचताना तू ओठ आवळले असशील. सहा वर्षांपूर्वी सेर्जोकाका वारले आणि तू तिकडे एकटी पडलीस, तेव्हा याच टेबलाभोवती हाच प्रश्न दीड दिवस चालला होता. बाबा विमानाच्या बाजूचे (स्वतः कधी बसलेले नाहीत, म्हणून), लेत्तेरियो मोटारीचा, आणि आई तिन्हींच्या विरुद्ध, कारण जन्मात ती आपलं बेट सोडून सामुद्रधुनीच्या पलीकडे गेलेली नव्हती आणि ते कबूल करायची तिला लाज वाटत होती. आमचं ठरलं तेव्हा तिकडे दफन होऊन गेलं होतं. मग फोनवर तू म्हणालीस, "चंद्रावर माणूस पोचला, माझी बहीण तोरीनोला पोचली नाही." आणि आई म्हणाली, "चंद्रावर जायला सामान कमी लागतं." तेव्हापासून तुमच्यात एक शब्द नाही. फोन ठेवल्यावर ती किती रडली ते तुला कुणी सांगितलं नसेल. मी सांगते आहे.

तेव्हा मी अठराची होते, मला कुणी विचारलं नाही. यंदा मी शास्त्रशुद्ध मार्गाने जायचं ठरवलं. मोठ्या कागदावर तक्ता केला: लागणारा वेळ, उशिराची शक्यता, हवेत जाणारा धूर, प्रवाशाच्या मनाची अवस्था. प्रत्येक रकान्याला गुण. रेल्वे पहिली आली. (माझ्या मनात ती आधीपासूनच पहिली होती, पण तक्ता प्रामाणिक होता, शपथ.) मुलांना शिकवायला निघालेल्या बाईने त्यांच्याच आभाळात धूर सोडत जाणं मला पटत नाही. तक्ता फ्रिजवर लावला. आईने हात पुसत पुसत तो संपूर्ण वाचला आणि म्हणाली, "यात बाटल्यांचा रकाना कुठाय?"

ऑगस्टातल्या सॉसच्या बाटल्या तुला सांगायला नकोत. यंदाही अंगणात चुलीवर पिंप चढलं, सगळं घर टोमॅटोत कोपरापर्यंत बुडालं, आणि त्यातल्या बारा बाटल्या माझ्याबरोबर जाणार हे आईने परस्पर ठरवून टाकलं. मी म्हटलं, एकट्या बाईला बारा बाटल्या सॉस कशाला? आई म्हणाली, "तिकडे असतं कुणीतरी." कोण, असं विचारल्यावर तिने मला कांदे चिरायला बसवलं.

तक्त्यात विमान मागे पडलेलं बघून बाबा हळहळले आणि त्यांनी लेत्तेरियोकरवी विमानाचं तिकीट काढलं. मोठ्या सामानाची सोय त्यात नव्हती, म्हणून चोवीस तारखेला कातानियाच्या विमानतळावर बाटल्या माझ्या हातातल्या पिशवीत होत्या. तपासणीवरचा माणूस सभ्य होता. म्हणाला, "ताई, पातळ पदार्थ नेता येत नाहीत." दोरीच्या अलीकडून आई गरजली, "पातळ? तुमच्या घरी होत असेल पातळ! आमच्यात चमचा उभा राहतो!" आणि पिशवीतून चमचा काढला. (माझ्या आईच्या पिशवीत चमचा का असतो, हे मी आजवर विचारलेलं नाही.) बाटली उघडली गेली. चमचा उभा राहिला. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या माणसाने बोट लावून चाखलं, डोळे मिटले, आणि तरीही नाहीच म्हणाला. बाटल्या इथेच सोडून मी जाते, असं मी म्हणणार होते, पण आईचा चेहरा पाहिला आणि पिशवी उचलून परत फिरले. विमान गेलं. आईने फुटलेलं सील मनाला लावून घेतलं आणि घरी येऊन बाटल्या पुन्हा बारा केल्या.

सव्वीस तारखेला लेत्तेरियोच्या मोटारीची पाळी. सुट्टी संपवून परतणारा निम्मा देश बोटीच्या धक्क्यावर रांगेत उभा, वर ऊन, आणि मागच्या सीटवर घोंगडीत गुंडाळलेल्या बाटल्या. तिसऱ्या तासाला त्यातली एक फुटली. आवाज असा झाला की लेत्तेरियोने दोन्ही हात वर केले. छत, काचा, त्याचा पांढरा सदरा, सगळं लाल. मागच्या गाडीतल्या गृहस्थाने ते पाहून रुग्णवाहिका बोलावली. परिचारिका धावत आली, माझ्या कपाळावरून बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाली, "मीठ घातलं का यात?" आई बरोबर नव्हती हे तिचं नशीब. तेवढ्यात इंजिनही उकळलं. घरी ढकलत आणलेल्या त्या मोटारीकडे बघून बाबा पहिल्यांदा म्हणाले, "तो तक्ता कुठे ठेवलास गं?"

तर अठ्ठावीस तारखेला, एकदाची, रेल्वे.

आमच्या स्टेशनात गाडी किती रेंगाळते ते तू विसरली नसशील. डबे पुढे जातात, मागे येतात, जोडतात, तोडतात, मग कुठे बोटीच्या पोटात शिरतात. त्यामुळे मेस्सिनात पोचवायला आलेलं माणूस खाली उभं राहत नाही. वर चढतं, सामान लावतं, शेजारच्या प्रवाशाची चौकशी करतं, आणि तरीही वेळ उरतो. आई तर स्वयंपाकघरातूनच आली होती, अंगात ॲप्रन, पायांत घरातल्या सपाता. बाबा आणि लेत्तेरियो सामान चढवून कॉफीला गेले. आई पुन्हा बारा केलेल्या बाटल्या एकेक करून माझ्या कपड्यांत गुंडाळत बसली. गाडी पुढे गेली, मागे आली, पुढे गेली. आई म्हणाली, "जोडतायत." मग एकदम अंधार झाला आणि साखळ्यांचा खडखडाट. आम्ही बोटीत होतो.

आम्ही डेकवर धावलो. धक्क्यावर बाबा कॉफीचा कप धरून उभे होते आणि त्यांच्या-आमच्यातलं पाणी रुंदावत होतं. त्यांनी आईला हाक मारली.

"तिंदाराऽ! अगं, जेवणाचं काय?"

"फ्रिजमध्ये आहे! गरम करून घ्या!"

घाबरू नको, मी आईला म्हटलं, पलीकडे उतरायचं आणि पुढच्या बोटीने परत. अर्ध्या तासाचं तर काम. ती मान डोलावत होती. बोटीवरचा तळलेला भाताचा गोळा तिने उभ्या उभ्या खाल्ला आणि "आपला जास्त चांगला होतो" म्हणून आणखी एक घेतला. पलीकडे गाडी पुन्हा रुळांवर आली. परतीची बोट समोर उभी होती, मावशी. मला दिसत होती, तिलाही दिसत होती. आई म्हणाली, "थांब, बाटल्या नीट बसल्यात का तेवढं बघते." आणि खाली वाकली. गाडी सुटेपर्यंत ती वाकलेलीच होती.

तपासनीस आला. "आपलं तिकीट?"

"मी प्रवासी नाही," आई म्हणाली. "मी हिला पोचवायला आलेय."

"कुठवर पोचवणार, सिन्योरा?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग बाटल्यांकडे. मग ॲप्रनच्या सुरकुत्या सारख्या केल्या.

"तोरीनोपर्यंत."

पुढे फारसं काही घडलं नाही. (माझ्या तक्त्यात रेल्वेला सर्वांत जास्त गुण प्रवाशाच्या मनाच्या रकान्यात होते, ते यासाठीच.) सालेर्नोपर्यंत ती समुद्राकडे बघत होती. रोममध्ये बाबांच्या चुलतबहिणीकडे मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी पुढची गाडी. फिरेन्झे मागे गेल्यावर तिने काचेवर कपाळ टेकलं आणि हळूच म्हणाली, "हे इतकं सोपं होतं?" ती मला विचारत नव्हती.

तर विनंती एवढीच, की पगार सुरू होईपर्यंत पंधरा दिवस मला तुझ्याकडे कोपऱ्यातली खाट देशील का? गुडघ्याला जपावं.

तुझी भाची,
आगातीना

ता. क. खाटेचं खोटं होतं. दोन शिक्षिकांबरोबर खोली कधीच ठरली आहे, कालची रात्र आम्ही तिथेच काढली. एवढ्या आदर्शांच्या गप्पा मारून मावशीला थाप मारली, याबद्दल क्षमा कर.

ता. क. दुसरं. तिकीट नाही, कारण हे पत्र मी तुमच्या इमारतीच्या दारावरच्या बाईंच्या हाती आत्ता वर पाठवते आहे. आज तीस ऑगस्ट, सकाळचे अकरा. परवाची सही मी करणारच, ती काळजी नको.

ता. क. तिसरं, आणि खरं. गॅलरीत ये आणि समोरच्या ट्रामच्या थांब्याकडे बघ. बाकावर बसून बाटल्यांच्या खोक्याला धरून आहे ती आई. तुझ्या दाराची घंटा दाबायला ती तयार नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही ट्रामची वाट बघतोय. आतापर्यंत चार गेल्या. खाली येताना घाई करू नकोस, गुडघा सांभाळ, पण एक जोड चपला घेऊन ये. तिच्या सपाता रोममध्येच फाटल्या. तुम्हा दोघींच्या पायांचं माप एकच आहे, असं तीच आत्ता म्हणाली, मी न विचारता.