काउंटीची पाहुणी आणि तुझे पोहे

प्रिय ताई,

आज तुझ्या अपार्टमेंटची किल्ली परत देऊन आले. घरी येऊन चपला काढल्या आणि हात सवयीने फोनकडे गेला. दिवसभरात काय काय झालं ते संध्याकाळी तुला सांगितल्याशिवाय माझा दिवस संपायचा नाही, आणि तू अर्ध्यावरच "बरं, मुद्द्याचं बोल" म्हणायचीस. आता अडवणारं कुणी नाही, म्हणून लिहायला बसले. आज सगळं ऐकावं लागेल तुला.

नोरा आली होती. इतकी वर्षं काउंटी सरकारच्या पगारावर तुझ्याकडे केर-लादी, कपडे, बाजार आणि स्वयंपाक करायला यायची ती नोरा आज बिनपगारी आली. तू गेलीस तसं तिचं तुझ्याकडचं काम कागदोपत्री संपलं होतं. तरी सकाळी दारात हजर, डोक्याला रुमाल बांधून. मी म्हटलं, "नोरा, यू डोन्ट हॅव टू." ती म्हणाली, "मिस बेबी, तुझी बहीण मला हे घर असं सोडू देईल का?" पन्नाशीच्या बाईला मिस बेबी म्हणणारी सबंध क्युपर्टिनोत ती एकटीच.

मग आम्ही दोघींनी मिळून घर आवरलं. खरं सांगू? मजा आली. तुझ्या कपाटातून दह्याचे रिकामे डबे निघायला लागले ते संपेचनात. एकात एक घालून ठेवलेले, झाकणं वेगळी. नोरा म्हणाली, "ती मला फेकू द्यायची नाही. विचारलं की म्हणायची, लागतात." "लागतात" हा शब्द ती अगदी तुझ्या सुरात म्हणाली, मराठीत. आम्ही स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून हसलो. शेवटी अर्धे डबे तिने नेले, अर्धे मी आणले. काय करायचंय मला त्यांचं? पण लागतात.

हे सगळं सुरू कसं झालं, आठवतं ना? दिवाळी आली म्हणून तू जळमटं काढायला स्टूलावर चढलीस. लहानपणी पोलिओ झालेला पाय, त्याला कॅलिपर, वय साठीला टेकलेलं, आणि बाईसाहेब झाडू घेऊन स्टूलावर. मनगट मोडून घेतलंस. वर डॉक्टरांनी सांगितलं की पोलिओ झालेल्यांचे स्नायू उतारवयात पुन्हा दुबळे होतात, ही आता सुरुवात आहे. एकटीने राहायचं असेल तर घरकामाला रोजचं माणूस हवं, नाहीतर बहिणीकडे राहायला जा.

आमच्याकडे खालची खोली रिकामी होती. मी पडदेसुद्धा बदलले होते, ताई. आणि तू हॉस्पिटलच्या पलंगावरून म्हणालीस, "बेबी, तुझ्याकडे चार दिवस येईन, जेवेन, भांडेन. पण कायमची पाहुणी व्हायला सांगू नकोस." किती राग आला होता मला! आठवडाभर धड बोलले नाही तुझ्याशी. पण आतून कळत होतं. मिरजेच्या घरात तू आईची काळजी होतीस आणि सासरी दाजींची चूक. त्यांनी लंगडी बायको केली म्हणून सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकवलं. मग इथे परदेशात आलीस, कारखान्यात बाकावर बसून वर्षानुवर्षं सर्किट बोर्ड जोडलेस, दाजी गेल्यावर त्या दोन खोल्या एकटीच्या जिवावर चालवल्यास. तिथे तू कुणाची काळजी नव्हतीस की कुणाची चूक नव्हतीस, घरची मालकीण होतीस. ते घर सुटलं असतं तर तू वर्षभरही काढलं नसतंस, असं मला अजून वाटतं.

काउंटीची ही योजना आपल्याला हॉस्पिटलातल्या बाईंनीच सांगितली. अपंग माणसाला आपल्या घरीच राहता यावं म्हणून सरकार घरकामाला माणूस देतं. तू किती हसलीस! "मिरजेत आमच्या दारचं गटार कुणी साफ करेना, आणि इथलं सरकार माझी मोरी घासणार?" मी म्हटलं, इतकी वर्षं टॅक्स भरलास ना, घासू दे की.

काउंटीची बाई घर बघायला येणार असं ठरलं, आणि तिथेच तू घोळ घातलास.

मला म्हणालीस, रजा घेऊ नकोस, मी आहे ना. आणि दोन दिवस आधीपासून कामाला लागलीस. प्लास्टरमधला हात गळ्यात, आणि जमिनीवर बसून सरकत सरकत सगळी फरशी पुसलीस. न्हाणीघर घासलंस. इस्त्रीची साडी नेसलीस. त्या बाईचं नाव कॅरन. ती आली तर समोर कांदेपोहे, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, आणि चहा एरवी कपाटातून न निघणाऱ्या कपांत. मुलगी बघायला आल्यासारखा थाट. तिने विचारलं, स्वयंपाक कोण करतं? "आय ओन्ली." साफसफाई? "आय ओन्ली. नो प्रॉब्लेम. यू ईट, ईट." बाथरूममध्ये पडायची भीती वाटते का? "आय मॅनेज."

पसंत पडलीस. इतकी पसंत पडलीस की काउंटीचं उत्तर आलं, या बाईंना घरकामाच्या मदतीची गरज दिसत नाही.

आणि तुझा आनंद काय वर्णावा! फोनवर म्हणतेस, "बघ, सरकारनेच सांगितलं, मी ठणठणीत आहे." मी कपाळाला हात लावला. कॅरन गेल्यापासून तू अंथरुणातून उठू शकली नव्हतीस, हे तुझ्या तोंडून नाही, शेजारच्या चिनी आजींकडून कळलं मला. घर हातातून जायची वेळ आली होती आणि ते घालवत होतीस तूच, पाहुणचार करून.

फेरतपासणी मागितली. या वेळी मी रजा घेतली आणि आदल्या दिवशीच मुक्कामाला आले. तुला दम दिला. कपड्यांचा ढीग तसाच राहील. फरशीला हात लावायचा नाही. पोहे नाहीत, चहा नाही.

"पाणीसुद्धा विचारायचं नाही?"

"नाही. ती पाहुणी नाहीये ताई, तपासायला येतीये."

"उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की पाहुणी. बाकी तिची नोकरी तिच्यापाशी."

सकाळी उठून बघते तर तू खुर्चीत बसून पदराने गॅसची शेगडी पुसत होतीस. तुला तिथून ओढून बैठकीच्या खोलीत आणून बसवलं. तू माझ्याशी बोलेनाशी झालीस. घर असं दाखवायचं म्हणजे उघड्या अंगाने चारचौघांत बसवल्यासारखं वाटतंय, एवढंच एकदा पुटपुटलीस. मला वाईट वाटलं, पण मी हलले नाही. आपल्या दोघींत हट्टी कोण, हा वाद तसाही आईच्या हयातीत मिटला नव्हता.

कॅरन आली. कपड्यांच्या ढिगाकडे बघितलं. तुला म्हणाली, "मागच्या वेळी तुम्ही सांगितलंत, सगळं तुम्हीच करता." तू पदर सारखा करायला लागलीस. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने मला हाताने थांबवलं. तिला तुझ्याच तोंडून ऐकायचं होतं. तू पुन्हा "आय मॅनेज" म्हणालीस की संपलं सगळं, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात तिला ठसका लागला. साधा ठसका. आणि तू उठलीस. मी सांगितलेलं सगळं विसरून काठी टेकून उठलीस, कारण घरी आलेल्या माणसाला ठसका लागला होता. टेबलापर्यंत गेलीस आणि तिथे पाय राहिला. पुढे जाता येईना, मागे बसता येईना. टेबलाची कड धरून उभी. मी धावले तर मला डोळ्यांनीच थांबवलंस. मग कॅरनकडे बघून म्हणालीस, "आय वॉन्ट टू गिव्ह यू वॉटर. आय कॅनॉट."

तुझ्या तोंडून हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. शाळेत पोरांनी ढकललं तेव्हा नाही, लग्नात टोमणे ऐकलेस तेव्हा नाही, दाजी गेले तेव्हा नाही.

कॅरनने तुला खुर्चीत बसवलं. स्वतः आत जाऊन दोन ग्लास पाणी आणलं, एक तुला दिलं. स्वतःच्या घरात पाहुणीच्या हातचं पाणी तू प्यायलीस. मग ती तुझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आता सांगा, मागच्या वेळी ते सगळं कसं केलंत?" आणि तू सांगितलंस. सरकत पुसलेली फरशी, टबात बसून घासलेला टब, नंतरचे अंथरुणातले दिवस. सांगता सांगता तुलाच हसू फुटलं. तीही हसली. जाताना दारात म्हणाली, "ते पोहे मात्र फार छान होते." तुझा चेहरा असा फुलला की विचारू नकोस.

मदत मंजूर झाली आणि नोरा आली. तिच्याशी तुझं जुळायला वेळ लागला. ती यायच्या आधी तू घर आवरून ठेवायचीस, कारण बाई काय म्हणेल! नोरा कंबरेवर हात ठेवून उभी राहायची. "मॅडम, मी काय करू मग? बसून टीव्ही बघू?" शेवटी तिने झाडू आणि फडकी आपल्या गाडीत न्यायला सुरुवात केली. तू फोनवर मला म्हणालीस, "चोर आहे मेली." पण सूर लाडाचा होता.

आणि मग काय रंगत गेलं तुमचं! तू खुर्चीतून हुकूम सोडणार, ती फोडणी करणार. मिरचीचा खाट उठला की स्मोक अलार्म बोंबलायचा, नोरा टॉवेल फडकवत नाचायची आणि तू हिंग जास्त पडला म्हणून ओरडायचीस. तिच्या गावाकडे आमटीसारखं काहीतरी करतात, चिंच घालून. त्यात चिंच आधी की नंतर, यावर तुम्ही दोघी तासभर भांडत होता. मी तिथे बसून होते आणि मला कुणी विचारत नव्हतं.

अंगात जी ताकद उरायला लागली तिचं तू काय केलंस? हळदीकुंकू. संक्रांतीला, सबंध बिल्डिंगचं. मी घाबरून विचारलं, "ताई, लोक काय म्हणतील?" म्हणालीस, "कोण लोक? खालच्या मजल्यावरच्या मेक्सिकन आजी? त्यांचाही नवरा नाही, माझाही नाही, नोराचाही नाही. तिळगूळ सगळ्यांना गोडच लागतो." नोराने सगळ्यांना कुंकू लावलं, कुणाच्या कपाळावर तर कुणाच्या नाकावर. लांब पिस्कॅटवेहून मुक्कामाला आलेल्या माझ्या नणंदबाईंनी जरा नाक मुरडलं, तर तू त्यांनाच दोन लाडू जास्त दिलेस. मी तुला इतकं खुश मिरजेतही बघितलं नव्हतं.

एक विचारायचं राहूनच गेलं, असं म्हणणार होते, पण तसं नाही. विचारलं होतं मी. माझ्याकडून कधी कपड्याची साधी घडीही करून घेतली नाहीस, आणि नोराकडून न्हाऊसुद्धा घालून घेतेस, का गं? तू म्हणालीस, "तू केलंस तर ती माया. तिला नाही म्हणता येत नाही आणि ओरडताही येत नाही. नोरा तिचं काम करते, पगार घेते, आणि मी तिला ओरडले तर ती मला उलटून ओरडते. तू रडतेस." लागलं मला ते. अजून लागतं थोडंसं. पण खरं होतं. आणि नोरा असल्यामुळे मी यायचे तेव्हा आपण नुसत्या गप्पा मारायचो, तेवढ्या गप्पा लहानपणीही मारल्या नव्हत्या.

त्या सकाळी नोराचाच फोन आला. तू झोपेतच गेली होतीस, आपल्या घरात, आपल्या पलंगावर. मी पोचले. तुझ्याजवळ बसले. मग पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले तर सिंकमध्ये आदल्या रात्रीचं ताट होतं. थालीपिठाचा एक तुकडा, कडेला लोणी. ताई, रात्री खरकटं ठेवू नये म्हणून आईने आपल्याला किती बदडलं असेल! तापात, हाताला प्लास्टर असताना, दाजी गेले त्या रात्रीसुद्धा तू ताट घासून मगच आडवी झालीस. आणि त्या रात्री तू दमली होतीस, म्हणून ताट तसंच ठेवलंस आणि झोपलीस, उद्या नोरा येणार आहे म्हणून. मी ते ताट हातात धरून हसत होते आणि रडत होते. नोरा मागे येऊन उभी राहिली. तिने ते माझ्या हातातून घेतलं, घासलं, पुसून मांडणीत ठेवलं. तिचं काम होतं ते.

आता मुद्द्याचं. माझे दोन्ही गुडघे गेलेत. जिना उतरताना रेलिंग धरून रडू येतं, आणि घरात कुणालाही पत्ता नाही. हे विचारतात, काय होतंय, तर मी काही नाही म्हणते. तुझीच बहीण मी. पण उद्या सकाळचा चहा झाला की यांना समोर बसवून सांगणार आहे की मला जमत नाही. वचन देते, ताई.

तुझी,
बेबी