खारूने वाचू नये असं पत्र

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

"शाळा सोडवून पोरीला जगच दाखवतो, आई," असं तू म्हणालास, तेव्हा मी देवाला हात जोडले. मी मॅट्रिक, तू इंजिनिअर. तुला काय सांगणार? आठव्या वर्षी खारूने ज्वालामुखी पाहिला, हे मला कमी वाटत नाही.

पण मंगळवारी तू आणि सूनबाई तिकिटांच्या रांगेत होतात, तेव्हा ती फोनवर कुजबुजली, "आजी, मला शाळेत यायचंय. मैत्रीण झाली की लगेच टाटा करावा लागतो. बाबांना सांगू नकोस हं, त्यांना वाईट वाटेल." तू शाळेत जायचं म्हणून रडायचास, तुझी लेक शाळेसाठी रडते.

आज मुख्याध्यापिकाबाईंना भेटून आले. "सोमवारपर्यंत जागा धरते आजी, पुढे माझ्या हातात नाही," म्हणाल्या.

तुला कळवू कसं? फोन तुम्ही स्पीकरवर लावता आणि तिघंही भोवती बसता. माझ्या पत्राचा फोटो आला, की तो खारूचा मराठीचा धडा. तीच तुम्हाला खणखणीत वाचून दाखवते. तिचं गुपित तिच्याच तोंडून कसं वदवू?

म्हणून हे पाठकोऱ्या कागदावरच राहू दे. पाठवायचं दुसरं लिहिलंय. त्यात गुडघा बरा आहे, इकडची काळजी नको, खारूला पापा. ती अडखळू नये म्हणून सोपे सोपे शब्द घातलेत.

देव तुम्हाला सुखरूप ठेवो.

तुझी,
आई