पुढच्याचा हात

प्रिय पुढारी,

या नावानं तुला हल्ली कोणी हाक मारत नसेल. आता तू ‘सर’ आहेस, गळ्यात शिट्टी आहे, आणि पोटानंही सरांना शोभेल इतकी प्रगती केली आहे. पण दुसरं नाव मला लिहवेना. सायकलच्या क्लबात तू कायम पुढं, म्हणून पुढारी. आणि मी कायम तुझ्या मागच्या चाकाला चिकटलेला, म्हणून शेपूट. आता तरी ओळखलंस ना? घाबरू नकोस, उसनवारीसाठी लिहीत नाही. देवाच्या दयेनं आणि लोकांच्या पोटाच्या कृपेनं माझं बरं चाललं आहे. पोटाचा काय संबंध, ते पुढं येईलच.

मुद्द्याचं आधी सांगतो. तुझ्या रविवारच्या रांगेत एक लाल हेल्मेटवाली मुलगी असते, चढ आला की वेणीचं टोक दातात धरते. ती माझी धाकटी. तुला कळायचं काही कारण नाही. आमचं आडनाव या शहरात पायलीला पन्नास, आणि बाप एकेकाळी याच क्लबात होता हे तिलाच ठाऊक नाही, तर ती तुला काय सांगणार? घरात मी सायकलचं नाव कधी काढलं नाही. शाळेसाठी सायकल घ्यायची ठरली तेव्हा मायलेकी एका बाजूला आणि मी एकटा एका बाजूला. निकाल काय लागला असेल ते तुलाही बायको आहे, तू समजून घे. मग तिला शाळेची वाट पुरेना. एक दिवस येऊन म्हणाली, बाबा, क्लबात नाव घातलं. मी पेपर वाचत होतो, तो तसाच तोंडासमोर धरून ठेवला. आता येत्या रविवारी तू मोठ्या शर्यतीसाठी निवड घेणार आहेस. सगळ्या पोरी एका रांगेत जाणार, आळीपाळीनं पुढं येणार, आणि त्यातली एक तू निवडणार. दोघींची नावं ऐकू येतात: माझी धाकटी आणि तिची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एका डब्यात जेवतात, एकीला शिंक आली तर दुसरी नाक पुसते. मैत्रीण पुढं, माझी तिच्या चाकामागं. तुला काही आठवतं का?

मला तर सगळंच आठवतं, पण ते आठवायची वेळ तूच आणलीस. गेल्या रविवारी धाकटी घामानं निथळत आली, पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि म्हणाली, आई, आज सरांनी काय गोष्ट सांगितली! मग तिनं तुझी नक्कल केली. शिट्टी फिरवणं, ढेकर दाबल्यासारखं तुझं ते मधेच थांबणं, सगळं हुबेहूब; पोरीला कान माझे मिळालेत. तुझ्याच आवाजात सांगत होती: आमच्या वेळी एक होता, शेपूट म्हणायचो त्याला. मी पुढून हात दाखवतोय, पुन्हा दाखवतोय, आणि हा पठ्ठ्या पुलावर कपडे वाळत घालणाऱ्या बाईकडं बघतोय! गेला की थेट गटाराच्या जाळीत! तेव्हा पोरींनो, नजर कुठं? पुढच्याच्या हातावर! आमची ही हसून हसून ओट्याला टेकली. डोळे पुसत म्हणाली, अशा माणसाशी जिनं लग्न केलं असेल तिचं काय होत असेल गं! मीही हसलो. गोष्ट तू रंगवतोस छान, त्यात वाद नाही. फक्त त्या पुलावर कपडे वाळत घालायला जागा नव्हती रे. पूल होता तो, गच्ची नव्हे.

रांगेत मागं बसणं काय असतं ते तुला सांगायला नको. पण तू कायम पुढं राहिलास, तेव्हा कदाचित सांगायलाच हवं. मागच्याला रस्ता दिसत नाही. पुढच्याची पाठ दिसते, त्याच्या जर्सीचे पाठीवरचे खिसे दिसतात आणि दोन चाकांमधलं वीतभर अंतर दिसतं. पुढचा वारा खातो, मागचा त्याच्या आडोशानं निम्म्या ताकदीत जातो, आणि या सुखाच्या मोबदल्यात आपले डोळे पुढच्याला देऊन टाकतो. खड्डा आला की पुढच्यानं हात खाली सोडून बोटानं दाखवायचा. मागच्यानं तो बघून त्याच्या मागच्याला दाखवायचा. एवढा एकच कायदा. बाकी आपण सगळे मोडून बसलो होतो, हाडांसकट. क्लबात प्रत्येकाचं एकेक हाड सरकारजमा होतं. त्या पोस्टमनचं मनगट आठवतं? जुळलं ते वाकडंच, मग पत्र टाकताना आयुष्यभर हात मिळवायला आल्यासारखा दिसायचा. कुणाचे पुढचे दात, कुणाच्या मांडीचं पार सालपट. तुझ्या कोपरात खडी रुतली होती तेव्हा नर्सनं भांडी घासावीत तशी ती ब्रशनं काढली, आणि तुझा दुसरा हात मी धरला होता. तू मला चावलास. खूण अजून आहे. पण ती सगळी माणसं आपल्या चुकीनं पडली किंवा नशिबानं. हात बघूनही पडलेला त्यांत एकही नव्हता.

मी पडलो तोही असाच आठवडा होता, निवडीचा. क्लबातून एकच जाणार होता, आणि सगळे म्हणायचे, पुढारी पुढं असतो खरा, पण जोर शेपटाचा जास्त आहे. मी ते ऐकून सोडून द्यायचो. तू ऐकून काय करायचास, ते मला कधी कळलं नाही. उतारावर आपण दोघंच सुटलो होतो. पुलाच्या तोंडाशी गटारावर लोखंडी जाळी होती, पट्ट्या रस्त्याच्या दिशेनंच उभ्या बसवलेल्या. पातळ टायर बरोबर फटीत बसेल अशा. तुझी कंबर हलली, सायकल डावीकडं गेली. हात हँडलवर होता. दोन्ही हात. मी कपडे बघत नव्हतो, बाई बघत नव्हतो. मी तुझे हात बघत होतो, कारण दुसरं काही दिसतच नव्हतं. पुढचं चाक जाळीनं गिळलं आणि मी हँडलवरून गेलो. डोक्यावर हेल्मेट म्हणजे आपल्या वेळच्या त्या चामड्याच्या चार पट्ट्या; लोणच्याच्या बरणीला फडकं बांधतात तेवढंच त्यांचं बळ.

तू दवाखान्यात आलास, एकदाच. संत्री घेऊन आलास. माझ्या खांद्याचं हाड पट्ट्यांनी आवळलेलं, डोकं नारळासारखं गुंडाळलेलं. तू स्टुलावर बसलास, एक संत्रं सोलायला घेतलंस, आणि मी काही बोलायच्या आत म्हणालास, मी हात दाखवला होता रे, तू बघितलं नाहीस. मी विचारलंच नव्हतं, पुढारी. तोवर माझ्या मनात असं होतं की तुझ्याकडून राहून गेलं असेल. माणूस आहे, राहतं. पण समोर न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तयार करून आणलेला माणूस बसला होता. माझं लक्ष तुझ्या बोटांकडं गेलं. साल निघत होती, रस उडत होता, आणि खोलीत संत्र्याचा वास नव्हता. मला वाटलं संत्रं शिळं असेल. तू एक फोड माझ्या तोंडात घातलीस. नुसतं ओलं आणि आंबट लागलं. नर्सनं खिडकीतून वाकून म्हटलं, काय छान वास सुटलाय! तेव्हा मला कळलं. डॉक्टर नंतर म्हणाले, डोकं आपटलं की नाकाची तार तुटते कधी कधी; येईल, वाट बघा. अजून बघतोय.

तुला हे माहीत नाही, कारण तू पुन्हा आलाच नाहीस. तू निवडला गेलास, मोठ्या शर्यतीला गेलास, मधल्या घोळक्यात कुठंतरी संपवलीस आणि परत आलास. तेवढ्यासाठी! जिंकला असतास तर मी निदान शिव्या तरी अभिमानानं घातल्या असत्या. इकडं आमची भट्टी होती, पावाची. पाव झाला की नाही हे वडील घड्याळावर ठरवायचे नाहीत, नाकावर ठरवायचे. चार घरं पलीकडं बसून सांगायचे, डाव्या कोपऱ्यातला काढा. मी परत गेलो तेव्हा त्यांनी विश्वासानं भट्टी माझ्यावर सोपवली. धूर डोळ्यांत गेला तेव्हा मला कळलं की पाव जळतोय. गल्लीला माझ्याआधी कळलं होतं. वडील ओरडले नाहीत. त्यांनी काळे पाव टोपलीत भरले, आणि हळूहळू भट्टी मेहुण्याकडं गेली. मेहुणा भला माणूस आहे. त्याच्या पावाची तारीफ सगळे करतात, मीही करतो, ऐकीव माहितीवर.

मग ज्याला नाक नाही त्यानं काय करावं? मी बघितलं, लोक कोणत्या कामाला नाक मुरडतात. ते काम मी घेतलं. घराघरातल्या संडासाच्या टाक्या उपसायचे टँकर आहेत माझे. पहिला मीच चालवायचो, आता माणसं आहेत. पोटाची कृपा म्हटलं ती ही. लग्नाच्या बोलण्यात मामेसासरे म्हणाले, मुलगा कष्टाळू आहे पण धंद्याला वास येतो. मी म्हटलं, मला नाही येत. सगळे हसले आणि लग्न ठरलं. हिला मी सांगितलं की नाक लहानपणच्या तापात गेलं. का सांगितलं? कारण पडलो म्हटलं की पुढचा प्रश्न, कसा पडलात. आणि त्याचं खरं उत्तर तुझ्या नावाशिवाय देता येत नाही. तेव्हाही मी तुला झाकत होतो. जुनी सवय, तुझ्या पाठीमागं राहायची. रोज कामावरून आलो, अंघोळ केली की मी दारात उभा राहतो. ही हुंगते आणि निकाल देते, पास किंवा नापास. गॅस सुटला तर मला कळणार नाही म्हणून ती माहेरी राहायला जात नाही. धाकटी झाली तेव्हा हिनं तिची टाळू माझ्या नाकाशी धरली, म्हणाली, बघा ना, कसा वास येतो. मी डोळे मिटून ‘हं’ म्हटलं. एवढं एकच तुझ्याकडून वसूल करायचं ठरवलं तरी तू आणणार कुठून?

परवा तुमचा निवडीआधीचा जादा सराव होता, तेव्हा मी टँकर घेऊन उताराच्या कडेला उभा राहिलो, तुमची रांग बघायला. तू नाक दाबून पुढं गेलास, आत कोण बसलंय ते बघितलं नाहीस. पण मी तुझा हात बघितला. खड्ड्याला दाखवलास, खडीला दाखवलास. ओल्या पानाला दाखवलास, कागदाच्या कपटाला दाखवलास. इतका हात कोणी दाखवत नाही रे. मग मला कळलं की तुला माहीत आहे. पक्कं माहीत आहे. आणि तरी ती गोष्ट तू तशी सांगतोस. पुलाच्या तोंडाशी तू वळसा घालून गेलास. त्याची गरज नव्हती. त्या जाळीच्या पट्ट्या आता आडव्या आहेत. नगरपालिकेचं काम मला मिळालं तेव्हा पहिली तीच मी बदलून घेतली.

गोष्ट ऐकली त्या दिवशी मी धाकटीच्या खोलीपर्यंत गेलो होतो, सांगायला, की शेपूट मी आहे आणि सर खोटं बोलतात. ती खाली बसून दोघींच्या सायकलींना तेल देत होती, आधी मैत्रिणीच्या. मी तसाच मागं फिरलो. मागं बसलेल्याच्या मनात पुढच्याच्या हाताबद्दल शंका आली की त्याची बोटं ब्रेकवर जातात, आणि त्यानं ब्रेक दाबला की मागची सगळी रांग त्याच्यावर येते. मी खरं सांगितलं तर पोर डरत चालवील, आणि डरून पडेल. तेव्हा माझ्या घरात तुझी गोष्ट खरी राहू दे. बाईकडं बघणारा तो मूर्ख मी जन्मभर व्हायला तयार आहे, सवय झाली आहे. पण तू तीच गोष्ट पुढं असणाऱ्या पोरीलाही सांगतोयस, आणि ती त्यातून काय शिकतेय? की मागची पडली तर चूक मागचीच. रविवारी जागा एकच आहे, पुढारी, आणि उतार तोच. मी सांगितलं तर मागची घाबरेल. तू सांगितलंस तर पुढचीचा हात खाली येईल. म्हणून हे पत्र. माफी मागू नकोस. ती संत्र्यासारखीच, माझ्या काही उपयोगाची नाही. माझं नाव सांगू नकोस. पुलावरची बाई हवी तर राहू दे, पोरींना हसू येतं. रविवारी निघायच्या आधी सगळ्यांना उभं कर, शिट्टी खिशात घाल आणि गोष्ट तीच सांग. फक्त त्यात तुझा हात होता तिथंच ठेव, हँडलवर.

तुझाच,
शेपूट