गाडी मुद्दाम बंद पडते

१० जानेवारी, शुक्रवार

लेकीने तिच्या ऑफिसात फुकट वाटलेली डायरी आणून दिली. म्हणाली, आई, तू दिवसभर ओरडत असतेस, त्यापेक्षा लिहून काढत जा. मी ओरडत नाही. माझा आवाजच तसा आहे, आणि या घरात सगळे बहिरे आहेत. पण कोरी वही वाया कशाला घालवायची. शाळा मी चौथीत सोडली, तरी अक्षर लेकीपेक्षा बरं आहे.

निश्चय एक: आजपासून कुणावर आवाज चढवायचा नाही.

निश्चय दोन: पेट्रोलची चोरी बंद करायची.

आमची मोटरसायकल लेकीपेक्षा वयाने मोठी आहे, मान्य. पण पूर्वी इतकं पीत नव्हती. चोर कोण ते मला माहीत आहे. धाकटा दीर. पलीकडच्या गल्लीत राहतो, संध्याकाळी आमच्याकडे टीव्ही बघायला येतो आणि जाताना गाडीवरून हात फिरवतो. कशाला हात फिरवायचा? आज टाकीचं झाकण नीट बघितलं तर त्याला मधोमध बारीक भोक. सुई जाईल एवढं. मेणबत्ती वितळवून भोक बुजवलं. वर सायकलच्या ट्यूबचं रबर कापून झाकणाखाली घट्ट बसवलं. आता हवासुद्धा आत जायची नाही.

नवरा म्हणाला, सुईएवढ्या भोकातून पेट्रोल कसं काढेल तो? म्हटलं, तू इस्त्री कर.

१३ जानेवारी, सोमवार

गाडी बंद पडली. पुलाच्या चढावर, बरोबर मध्ये. मागे लॉजच्या चादरींची दोन गाठोडी, आणि मागून एक ट्रक हॉर्न मारतोय. किक मारली. मारली. मारली. ढिम्म.

आमचं काम धुलाईचं. घरामागे शेडमध्ये मशीन आहेत. नवरा धुतो, इस्त्री करतो, मी पोचवते. त्याला गाडी येते, पण तो चालवतो तेव्हा पायी जाणारी माणसं पुढे निघून जातात. म्हणून हँडल मी घेतलं. बाकी गिऱ्हाइकं किरकोळ, कुणाचा कोट, कुणाचे पडदे. घर त्या लॉजवर चालतं. लॉज सुटला तर शेडला कुलूप लावायचं आणि आम्ही दोघांनी एकमेकांची तोंडं बघत बसायचं.

पेट्रोल आहे का बघायला झाकण उघडलं. फुस्स झालं. टाकी भरलेली. झाकण लावलं, गाडीला दोन शिव्या हासडल्या, सीटवर एक थापड दिली आणि किक मारली. एका किकमध्ये चालू. म्हणजे इंजिन चांगलं आहे. नाटकं करते.

लॉजवर उशीर झाला. तिथला मॅनेजर पोरसवदा आहे, सदा टाय लावून असतो, मी त्याला टायवालाच म्हणते. तो घड्याळाकडे बघत म्हणाला, काकू, गेस्ट खाली बसलेत. मी त्याला समजावून सांगितलं की गेस्ट बसल्याने झिजत नाहीत. आवाज चढवला नाही. गेस्टनी वळून बघितलं ते त्यांना कुतूहल असेल म्हणून.

१५ जानेवारी, बुधवार

काल आणि आज गाडी मुकाट चालली. थापडेचा परिणाम. पेट्रोलही कमी होतंय ते फक्त चालवल्याने. दीर काल आला नाही. घाबरला असणार.

घरात मी सोडून कुणाला डोकं नाही हे पुन्हा एकदा सिद्ध झालं.

१६ जानेवारी, गुरुवार

टाकी फुल्ल केली. तर पूल येण्याआधीच बंद. मग पुलावर बंद. मग लॉजच्या कोपऱ्यावर बंद. दर वेळी झाकण उघडून बघितलं, फुस्स, पेट्रोल काठोकाठ. दर वेळी शिव्या दिल्या, दर वेळी चालू झाली.

याचा अर्थ एकच. पेट्रोलमध्ये पाणी. थोडं असतं तेव्हा चालते, पोटभर पाजलं की बंद. परत पंपावर गेले. पंपावरच्या पोरीला म्हटलं, तुमच्या मालकाला बोलाव. तिने बाटलीत पेट्रोल काढून दाखवलं, पाणी खाली बसलेलं दिसलं नाही. मी म्हटलं, मग मुरवून घालत असाल. ती म्हणाली, काकू, तुमचं झाकण उघडताना केवढा आवाज येतो, हवा अडकतेय वाटतं. काल नोकरीला लागलेली पोरगी मला माझं झाकण शिकवते. पायाची आग मस्तकात गेली.

आवाज थोडा चढला. पण पंपावर ट्रकांचा आवाज असतो, तिथे तो धरायचा नाही.

२० जानेवारी, सोमवार

गाडी गॅरेजात घेऊन गेले. गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनला लावतो, दुसरं कानाला, आणि डोळे मिटतो. मी विचारलं, काय म्हणते? तो म्हणाला, ताई, काहीच नाही म्हणत, ठणठणीत आहे. कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आला. ठणठणीत.

मी म्हटलं, ही परक्यांसमोर गुणाची वागते. तो म्हणाला, मग प्लग बदलून बघू. बदलला. घरी येताना अर्ध्या वाटेत बंद.

२२ जानेवारी, बुधवार

डॉक्टरने कार्बुरेटर खोलून धुतला. त्याच्या दारात तासभर उभी चालू ठेवली असती तर मी मानलं असतं, पण त्याने पाचच मिनिटं ठेवली आणि हात पुसले. निघाले. पुलावर बंद.

परत ढकलत नेली. मी म्हटलं, तूच काहीतरी करून ठेवतोस, म्हणजे मी परत परत यावं. त्याने पाना खाली ठेवला. म्हणाला, ताई, तुम्ही परत परत यावं असं या रस्त्यावर कुणाला वाटत नाही. आणि शेजारचा पंक्चरवाला हसला.

उद्धट माणूस. पण दुसरं गॅरेज लांब आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

नवरा म्हणाला, एक दिवस मी चालवून बघू का? कदाचित माझ्या हाताला...

पुढचं बोलू दिलं नाही. तुझ्या हातात गेली तर पोचेल कधी? उशीची खोळ इस्त्री करताना तिला झोपवतोस तू. तो गप्प बसला. तो गप्प बसतो ते मला आवडतं, पण ज्या तऱ्हेने गप्प बसतो ते आवडत नाही.

निश्चय तीन: गाडीला शिव्या द्यायच्या त्या निघतानाच देऊन टाकायच्या. म्हणजे वाटेत थांबावं लागणार नाही.

२७ जानेवारी, सोमवार

शिव्या निघताना दिल्या. उपयोग नाही. चौकात, सिग्नल सुटल्यावर, मधोमध बंद. किक मारताना गाठोडं सुटलं आणि पांढऱ्याशुभ्र चादरी रस्त्यावर. एक बस त्यांच्यावरून गेली. ट्रॅफिक पोलीस धावत आला आणि मलाच म्हणतो, बाजूला घ्या. मी म्हटलं, तू घे. त्याने घेतली बिचाऱ्याने. चादरीही गोळा केल्या. त्याला मी नंतर चांगलंच ऐकवलं, कारण घड्या मोडल्या.

लॉजवर सहा खोल्यांना चादरी नव्हत्या. टायवाला म्हणाला, काकू, असं चालणार नाही, आणखी एकदा झालं तर मला टेम्पोवाल्या लाँड्रीला सांगावं लागेल. मी त्याला शांतपणे सांगितलं की तुझ्या वयाच्या दुप्पट वर्षं मी चादरी धुतेय. शांतपणे सांगताना काउंटरवरची घंटी खाली पडली. एक बाई लेकराला घेऊन जिना चढून वर गेली, चावी न घेताच.

घरी येऊन जेवले नाही. लॉज गेला तर काय, हे कुणी बोललं नाही. नवरा बसखाली गेलेल्या चादरी पुन्हा भिजत घालत होता. मी म्हटलं, राहू दे. त्याने ऐकलं नाही.

३० जानेवारी, गुरुवार

आज डॉक्टर म्हणाला, ताई, मागे बसा, मी स्वतः तुमच्या लॉजपर्यंत चालवतो. पुलावर बंद. मला इतका आनंद झाला की काय सांगू. म्हटलं, बघ.

त्याने काही केलं नाही. म्हणाला, तुम्ही काय करता ते करा. मी झाकण उघडलं. फुस्स. तो झाकणाकडे बघत राहिला. मग हातात घेऊन उलटं केलं, नखाने मेण खरवडलं, रबर ओढून काढलं. आणि पुलाच्या कठड्यावर बसून हसायला लागला. माणूस पन्नाशीचा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतो.

म्हणे पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यावी लागते. ते भोक त्यासाठीच असतं. बुजवलं की थोडा वेळ चालते आणि मग इंजिनला पेट्रोल पोचत नाही. झाकण उघडलं की हवा जाते, परत चालू. टाकी भरलेली असली की लवकर बंद पडते. मी म्हटलं, टाकी काय बाळंतीण आहे, तिला वारा लागतो ते? तो म्हणाला, ताई, हे केलं कुणी?

मी म्हटलं, माझ्या दिराने.

तोंडातून निघून गेलं. आणि तसं बघितलं तर खोटं नाही. त्याच्यामुळेच करावं लागलं. त्याने हात फिरवला नसता तर मी मेणबत्ती पेटवली नसती.

३१ जानेवारी, शुक्रवार

गाडी जाता-येता कुठेही थांबली नाही. माझं मत असं की प्लग आता बसला. नवीन प्लगला बसायला वेळ लागतो.

डॉक्टरला पोटात काही ठेवता येत नाही. त्याने पंक्चरवाल्याला सांगितलं, पंक्चरवाल्याने दिराला. हात फिरवण्याचं घरातूनच कुणीतरी सांगितलं असणार. दीर आला, टीव्ही लावला नाही, उभ्या उभ्या म्हणाला, वहिनी, मी गाडीवरून हात फिरवतो कारण बाबांची गाडी आहे. आणि गेला. आमच्या सासऱ्यांची होती ती, मी विसरले नव्हते. पण मग तसं सांगायचं ना आधी. लोक बोलत नाहीत आणि मग मला दोष.

लेक म्हणाली, आई, काकाला सॉरी म्हण. म्हटलं, म्हणेन, त्याचा राग उतरू दे. माझा उतरायचाय अजून.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज इतिहास घडला. लॉजवर वेळेच्या आधी पोचले. गाडी पाण्यासारखी चालली. चादरी काउंटरवर ठेवल्या आणि टायवाल्याची वाट बघितली, त्याचं तोंड बघायचं होतं. तो बाहेर आलाच नाही. पडद्याआड त्याचा टाय दिसत होता. मी हाक मारली. टाय आत गेला. झाडणाऱ्या माणसाने चादरी उचलल्या आणि माझ्याकडे न बघता जिना चढला.

लाजला असेल. मी टेम्पोवाल्यापेक्षा लवकर आले ना.

निश्चय: उद्या त्याला सरळ विचारायचं की लॉजच्या टॉवेलांचं कामही आम्हालाच का देत नाहीस.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी गाठोडी बांधत होते. नवरा आला आणि त्याने गाडीची किल्ली माझ्या हातातून घेतली. हिसकावली नाही. घेतली. मला कळेपर्यंत त्याच्या खिशात गेली होती.

लॉजवाल्याचा फोन येऊन गेला, म्हणाला. मी म्हटलं, टेम्पोवाल्याला दिलं ना काम? मेल्याची हिंमत बघ. मी जाते आणि...

"काम आपल्याकडेच आहे," तो म्हणाला.

मग बिघडलं कुठे?

त्याने एक गाठोडं उचलून गाडीपाशी ठेवलं. "तो म्हणाला, चादरी एक नंबर असतात. उशीर झाला तरी मी सांभाळून घेईन, गाडी काय कुणाचीही बंद पडते. फक्त काकूंना पाठवू नका."

मी विचारलं, मग तू काय म्हणालास? लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस माझ्यासाठी कधी कुणाशी भांडलेला नाही, पण आज भांडला असेल असं मला उगीच वाटलं.

"मी म्हणालो, बरं."

बरं. एवढंच. मी काय बोलले ते लिहीत नाही, लेक ही वही वाचते असा मला संशय आहे. शेजारच्या दोन खिडक्या बंद झाल्या. तो ऐकून घेत उभा राहिला, आणि माझं संपल्यावर गाठोडी गाडीला बांधली. गाठ माझ्यापेक्षा घट्ट मारली.

५ फेब्रुवारी, बुधवार, सकाळी

आजही तोच गेला. इस्त्री माझ्याकडे. बघू किती दिवस टिकतो. त्या गाडीला माझ्या शिव्यांची सवय आहे, त्याचं बरं-बरं ऐकून ती हलायची नाही. पुलावर बंद पडणार हे मी वहीत लिहून ठेवते. फोन समोरच ठेवलाय.

नंतर

पूल यायची वेळ झाली. फोन नाही.

चौक. फोन नाही.

मी फोन उलटसुलट करून बघितला, चार्जिंग आहे का. आहे.

अजून नंतर

वाजला. मी म्हटलं, पडली ना बंद? मला माहीतच होतं, ढकलत बाजूला घे आणि थांब, मी येते.

तो म्हणाला, नाही नाही, पोचलो मघाशीच. मॅनेजर चहा घ्याच म्हणतोय. धाकटा भाऊही आलाय मागे बसून. दोघं चहा पिऊन निघतो. टॉवेलांचं कामही देतो म्हणालाय.

त्या लॉजमध्ये मला कधी कुणी पाणी विचारलं नाही. मागून टायवाल्याचं हसणं ऐकू आलं. हसताना चांगला वाटतो तो पोरगा, मी कधी ऐकलं नव्हतं.

मी म्हटलं, बरं.

फोन ठेवला तोवर इस्त्रीखालची चादर जळाली. मधोमध, इस्त्रीच्या आकाराची. नवरा एवढी वर्षं करतोय, त्याच्या हातून एकही जळाली नाही, म्हणजे इस्त्रीतच आजपासून काहीतरी बिघाड झालेला आहे. दुरुस्तीला घेऊन जाते. दुकान पुलापलीकडे आहे.

चालत जावं लागेल.